न थरथरणारी रेघ

प्रोग्रॅम सुरू झाला की त्यानं सगळ्यात आधी काय करायचं, यावरून मी एका माणसाशी कचाकचा भांडले आणि ते भांडण हरले. तो माणूस म्हणजे माझे साहेब. कोपरीत एका पिठाच्या गिरणीच्या वर आमचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. खाली दळण चालायचं आणि वर आमच्या कीबोर्डवर पिठाचा थर बसायचा. नव्वदीची सुरुवातीची वर्षं. साहेब, मी आणि एक हार्डवेअरवाला, एवढीच आमची कंपनी. कारखान्यात कॉम्प्युटर बसवायचा, त्यात तापमान वाचणारं कार्ड टाकायचं आणि रिॲक्टरमध्ये, म्हणजे माल शिजवायच्या त्या मोठ्या बंद भांड्यात, किती डिग्री चाललंय ते पडद्यावर रेघेनं दाखवायचं, हा आमचा धंदा.

आता गंमत अशी की हे कार्ड आमच्या प्रोग्रॅमशी थेट बोलायचं नाही. कार्ड बनवणारे सोबत एक फाइल द्यायचे, तिला लायब्ररी म्हणतात. पुस्तकांशी तिचा काही संबंध नाही, दुभाषी समजा. आमचा प्रोग्रॅम तिला विचारणार, ती कार्डाला विचारणार, कार्ड तापमान सांगणार. ती फाइल डिस्कवर नसेल तर आमचा प्रोग्रॅम ठार बहिरा. म्हणून सुरू होताहोताच ती जागेवर आहे का ते बघायचं, असं मी ठरवलेलं. असली तर पुढे चला. नसली तर पडदाभर लाल पट्टी, ‘तापमान वाचता येत नाही’, आणि तिथेच थांबा. माझ्या दृष्टीनं यात चर्चेला जागाच नव्हती.

पण साहेबांनी चर्चा काढली. एका प्रदर्शनात ते नुसता कॉम्प्युटर घेऊन गेलेले, कार्डाशिवाय आणि त्या फाइलशिवाय. गिऱ्हाइकं जमली, साहेबांनी ऐटीत प्रोग्रॅम चालू केला, आणि लाल पट्टी! परत आले ते लालबुंद होऊन. चार लोकांत नाक कापलंस म्हणाले. दुसऱ्या दिवशी स्वतः बसून त्यांनी माझ्या प्रोग्रॅमला शेपूट जोडलं. लायब्ररी सापडली तर खरं तापमान दाखवायचं. नाही सापडली तर काही न बोलता खोटं दाखवायचं. तुम्ही म्हणाल तेवढ्या डिग्रीपर्यंत रेघ छान चढत जायची, वर गेल्यावर लाजल्यासारखी किंचित खाली यायची, आणि मग सरळ चालू लागायची. पडद्याच्या कोपऱ्यात करड्या रंगात ‘डेमो’ असं बारीक इंग्रजी अक्षरात लिहिलेलं. करड्या पडद्यावर करडी अक्षरं, म्हणजे बघा.

मी भडकलेच. डेमोची फ्लॉपी वेगळी ठेवा, कारखान्याची वेगळी ठेवा, हे असलं एकत्र कालवू नका, म्हणून मी टेबलावर हात आपटून सांगितलं. साहेब म्हणाले, दोन-दोन प्रोग्रॅम सांभाळायचे कुणी, सगळीकडे एकच फ्लॉपी चालली पाहिजे. मी म्हटलं, आणि कारखान्यातली फाइल गेली तर? त्यावर ते हसले आणि म्हणाले, कारखान्यात कार्ड आहे, फाइल आहे, ती जाईल कुठे, उंदीर खाणार आहेत का? मी दार आपटून निघाले. आमचं दार झुलतं होतं, ते आपटलंसुद्धा नाही, चार वेळा पुढे-मागे झालं आणि थांबलं. नंतर निघालेली प्रत्येक फ्लॉपी त्या शेपटासकट गेली.

त्यातलीच एक डोंबिवलीला गेली, माझ्या दादाच्या कारखान्यात.

दादा माझा मोठा भाऊ. बाबा गेले तेव्हा त्यानं कॉलेज सोडलं आणि डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत एका रंगाच्या कारखान्यात ऑपरेटर म्हणून चिकटला. आम्ही ठाकुर्लीला राहायचो. घरी आला की त्याच्या अंगाला असा एक आंबूस वास यायचा की आई त्याचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची. माझं शिक्षण त्याच वासावर झालं. मी कॉम्प्युटरच शिकणार म्हणून हटून बसले, तेव्हा सगळ्या नातेवाइकांनी तोंडं वाकडी केलेली, आणि दादा म्हणालेला, शिकू दे, ती भांडकुदळ आहे, मशीनशी भांडेल. आमचा कॉम्प्युटर कारखान्यानं घेतला तोही त्याच्याच शब्दावर. नवीन माणूस शिफ्टला आला की दादा त्याला पडद्यासमोर उभा करून सांगायचा, हे माझ्या बहिणीनं केलंय.

कॉम्प्युटर येण्याआधी रिॲक्टरवर एक डायल होती. दर थोड्या वेळानं लोखंडी शिडी चढून ती बघायची आणि तापमान चढलं असेल तर हातानं थंड पाण्याचा व्हॉल्व्ह सोडायचा, असं काम. वाफेनं डोळे चुरचुरायचे, पाय घसरायचे. पडदा आल्यावर शिडी सुटली. काचेच्या केबिनमध्ये बसायचं, रेघ बघायची, गरज पडली तरच व्हॉल्व्हकडे जायचं. डायलची काच हळूहळू काळी पडली. ती बदला म्हणून कुणी म्हटलं नाही, कारण आता कॉम्प्युटर होता ना.

त्या कारखान्यात खंडेनवमीची एक पद्धत होती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारांची पूजा सगळीकडेच होते, पण इथे पूजेच्या आधी शेडमध्ये एक मोठं टेबल मांडायचे. वर्षभरात कोपऱ्याकोपऱ्यात साठलेलं जे काही असेल ते त्यावर आणून ओतायचं, नट, वायसर, तुटके पाने, कुठल्या मशीनचा कुठला तुकडा. मग शिफ्टमधला जाणता माणूस एकेक वस्तू वर धरून विचारणार, ही कुणाची? कुणी माझी म्हटलं तर ती पुसून, कुंकू लावून त्याच्या हातात. कुणीच नाही म्हटलं तर भंगारात. बिनधन्याची वस्तू पूजेला बसवायची नाही, असं त्यांचं म्हणणं. त्या वर्षी विचारणारा माणूस दादा होता.

त्याच वर्षी त्याच्या मनात आलं की कॉम्प्युटरलाही त्यात घ्यावं. मशीन मंद झालं होतं, डिस्क भरत आली होती. थोड्या कमांडी मीच त्याला शिकवलेल्या. त्यानं पडद्यावर फायली काढल्या आणि त्याच पद्धतीनं मोठ्यानं वाचून विचारलं, ही कुणाची? ही कोण उघडतं? नोंदींच्या फायली सुपरवायझरच्या निघाल्या, रिपोर्टच्या ऑफिसच्या निघाल्या. काही विचित्र नावांच्या होत्या, त्या कुणीच कधी उघडलेल्या नव्हत्या. त्या त्यानं पुसल्या. मग पडदा ओल्या फडक्यानं पुसला, हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला आणि मशीन बंद केलं. हे सगळं मला पुढे त्याच्या शिफ्टमधल्या एकाकडून कळलं. दसऱ्याला दादानं घरी येऊन माझ्या हातावर आपट्याची पानं ठेवली तेव्हा एवढंच म्हणाला की यंदा तुझ्या मशीनलाही हार घातला हं.

सुट्टी संपून कारखाना सुरू झाला त्या दिवशी दादा दुपारच्या शिफ्टला होता. त्यानंच प्रोग्रॅम चालू केला. प्रोग्रॅमनं लायब्ररी शोधली. ती नव्हती. ती नाही हे त्याला कळलं, आणि त्यानं गपचूप खोटी रेघ काढायला घेतली.

संध्याकाळी रिॲक्टरचा आवाज बदलला. दादाचे कान तिखट, आत काय शिजतंय ते तो आवाजावरून सांगायचा. त्यानं पडद्याकडे बघितलं. पडदा म्हणाला ब्याऐंशी, म्हणजे पाहिजे तेवढंच. तो बसला. आवाज आणखी बदलला. तो पुन्हा पडद्याजवळ गेला, पुन्हा ब्याऐंशीच. मग मात्र त्याला राहवलं नाही, तो केबिनमधून उठून व्हॉल्व्हकडे धावला, आणि त्याच वेळी झाकणाचा सांधा बंद ठेवणारं गॅस्केट फाटून आतला उकळता माल त्याच्या तोंडावर आला.

ठाण्याच्या हॉस्पिटलमध्ये मी पोचले तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर सगळं पांढरं होतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन दोन्ही डोळ्यांचं सांगितलं. मी त्यांच्याशीसुद्धा भांडले, काय भांडले ते आठवत नाही. आई कॉरिडॉरच्या बाकावर पदर तोंडात धरून बसलेली.

दुसऱ्याच दिवशी आमचे साहेब कारखान्यात जाऊन आले. संध्याकाळी मला म्हणाले, मशीन ठणठणीत आहे, मॅनेजरच्या समोर चालू करून दाखवलं, तापमान बरोबर येतंय. त्यांचा चेहरा इतका सरळ होता की मला काही शंकाच आली नाही. कारखान्यातही मग सगळ्यांचं एकमत झालं. मशीन चांगलं आहे, तापमान चढताना पडद्यावर दिसलंच असणार, म्हणजे ऑपरेटरचा डोळा लागला. सणाची जागरणं असतात, जेवण जड होतं, माणूस आहे. अगदी मायेनं बोलायचे सगळे. माझ्या तर अंगाची लाही लाही व्हायची.

दादा सगळ्यांना एकच सांगायचा, मी जागा होतो, मी ब्याऐंशी बघितलं. आधी जोरात सांगायचा, मग हळू. भेटायला येणारे म्हणायचे, हो हो, तू आराम कर. आईसुद्धा माझ्या कानात कुजबुजली की धक्क्यानं असं होतं, माणसाला भलतंच आठवतं. तिचा आवाज दादाला ऐकू गेला असणार, कारण त्यानं भिंतीकडे कूस वळवली.

एकदा मी एकटीच त्याच्याजवळ बसले असताना त्यानं हात चाचपत माझं मनगट धरलं. रेघ कशी होती ते सांगतो, तू तरी ऐक, म्हणाला. मी म्हटलं सांग. तो म्हणाला, वर गेली, थोडी खाली आली, आणि मग सरळ. मी विचारलं, सरळ म्हणजे? थोडी हलत असेल ना?

“नाही ना. अगदी पट्टीनं आखल्यासारखी. मला तेव्हाही वाटलं, आज ही थरथरत कशी नाही.”

खरं तापमान कधीच सरळ राहत नाही, पडद्यावर ते सारखं हलत असतं, वरखाली, केसाएवढं. पट्टीनं आखलेली रेघ फक्त आमच्या साहेबांची होती. झोपलेल्या माणसाला ती दिसली नसती, आणि डोकं फिरलेल्या माणसाला ती अशी हुबेहूब सांगता आली नसती.

मी हॉस्पिटलमधून तडक कोपरीला गेले. साहेबांना विचारलं, त्या दिवशी फाइल जागेवर होती का? ते आधी ओरडले, मग त्यांनी दार लोटून घेतलं. फाइल नव्हती. त्यांनी खिशातल्या फ्लॉपीवरून ती परत टाकली आणि मग मॅनेजरला आत बोलावलं. तोंडाला येईल ते मी बोलले, खालची गिरणी बंद करून लोक जिन्यात आले इतकी बोलले. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग अगदी शांतपणे म्हणाले, ‘जा, सगळ्यांना सांग. पण फाइल कुणी पुसली ते आधी त्या शिफ्टमध्ये विचारून ये.’

मी विचारून आले. मग पुन्हा त्या जिन्याची पायरी चढले नाही. पण सांगितलंही नाही कुणाला.

काय सांगणार होते? झोपला नव्हतास हे सांगायचं तर फाइल तूच पुसलीस हेही सांगावं लागणार. आत्ता निदान त्याला वाटत होतं की नशीब फिरलं. उद्या वाटेल की आपले डोळे आपण आपल्या हातानं काढले. मी रोज ठरवायची की आज सांगू, आणि रोज त्याच्या ताटात भात कालवून द्यायची आणि गप्प बसायची. मी! जिचं तोंड बंद करायला सगळी आळी थकली, ती.

दादा घरी आल्यावर खचतच गेला. आंधळेपणानं नव्हे, त्याची त्याला लवकर सवय झाली. पण त्याचा स्वतःवरचा भरवसा उडाला. आज मी चहा घेतला का, असं विचारायचा. कपाची कड ओठांना लागलेली आठवत असूनही विचारायचा. एका दुपारी तो आईला म्हणाला की माझा डोळा लागलाच असेल गं, एवढे लोक म्हणतायत ते काय वेडे आहेत. रविवारी कारखान्याचे लोक घरी येणार होते, त्याच्या तोंडून काय झालं ते ऐकून प्रकरण मिटवायला. त्यांना तो सांगणार होता की मी झोपलो. आई म्हणाली, सांगून टाक बाबा, सुटशील. तो कोपऱ्यात बसून तेच वाक्य मनाशी घोकत होता, ओठ हलताना दिसत होते.

ते मला बघवलं नाही. मी त्याच्यासमोर जाऊन बसले आणि सांगून टाकलं. तू जागा होतास, तू बघितलंस ते तसंच होतं, रेघ खोटी होती. फाइल नसली की आमचा प्रोग्रॅम खोटी रेघ काढायचा. त्याच्या चेहऱ्यावर, त्या भाजलेल्या कातडीवर, कितीतरी दिवसांनी काहीतरी सैल झालं. तो नुसता मान हलवत राहिला, हो हो म्हणत. आईला हाक मारून म्हणाला, ऐकलंस ना, मी जागा होतो.

मग थांबला. हुशारच तो. फाइल नव्हती म्हणजे कुठे गेली, हे त्यानं मला विचारलंच नाही.

“नवमीला मी पुसली, ना?”

मी हो म्हटलं. खोटं बोलायला जीभ शिवशिवली, पण मी हो म्हटलं.

बाहेर कुणीतरी हातपंप मारत होतं. शेवटी बोलला तेव्हा रागावूनही बोलला नाही, एखादी गोष्ट खरंच कळत नसल्यासारखा बोलला.

“मी विचारलं होतं गं सगळ्यांना. ही कुणाची म्हणून. आणि त्या मशीनला कळलं होतं ना ती नाही ते? मग नाही म्हणायला काय झालं होतं त्याला?”

मी ढसाढसा रडले आणि तो माझ्या डोक्यावरून हात फिरवत बसला.

रविवारी माणसं आली. दादानं त्यांना सांगितलं की मी झोपलो नव्हतो, फाइल मी पुसली, आणि मशीननं ते लपवलं. त्यांनी मधलं तेवढं उचललं. ऑपरेटरनं कॉम्प्युटरशी छेडछाड केली, असं त्यांचं ठरलं. मी आरडाओरडा केला, त्यांच्या चपलांपर्यंत मागे गेले, पण ती माणसं आधीच ठरवून आलेली होती. आई कित्येक दिवस माझ्याशी धड बोलली नाही. झोपला म्हणाला असता तर लोकांनी कीव तरी केली असती, असं तिचं म्हणणं. ते चुकीचं होतं असं मला आजही छातीठोक सांगता येत नाही. दादा मात्र चहा घेतला का म्हणून परत कधी विचारायला आला नाही. त्याच्या आत काहीतरी जागेवर बसलं आणि बाकीचं कायमचं मोडलं. खंडेनवमीला घरात कशाचीही पूजा करायची नाही, एवढं त्यानं सांगून ठेवलं.

एक सवय त्याला तेव्हापासून लागली. बोलायच्या आधी तो विचारायचा, आहेस का? आहे म्हटल्याशिवाय पुढचा शब्द नाही. शेजारी हसायचे, मी नाही हसले. मी नवीन ठिकाणी नोकरीला लागले होते, माजिवड्याला, तिथे लिहिलेला प्रत्येक प्रोग्रॅम नसलेलं काही सापडलं की लाल पट्टी दाखवून बंद पडायचा. गिऱ्हाइकं वैतागायची. मी म्हणायची, वैतागा.

एकदा कामावरून घरी आले तर दादा पलंगावर बसून आईशी बोलत होता. बाबांबद्दल काहीतरी, लहानपणचं, तो कधी बोलत नसे असं. मी चपला काढल्या आणि आत बघितलं, तर आई खोलीत नव्हती. सुरुवातीला त्यानं विचारलं असणार आणि ती आहे म्हणाली असणार, आणि मग दूध बघायला की कशाला ती शेजारी गेली असणार. तो रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून बोलत होता. माझी चाहूल लागली तसा थांबला.

“आई, आहेस ना?”

मला वाटलं, हूं म्हणावं. एवढंसं हूं, आणि त्याचं बोलणं पुरं होऊन जाईल.

मी म्हटलं, “आई नाही. मी आहे, आत्ता आले.”

त्याचा चेहरा तसाच खुर्चीकडे राहिला.

“कधीपासून नाही?” त्यानं विचारलं.

मला माहीत नव्हतं. माहीत नाही, असं मी त्याला सांगितलं.